तात्पर्य नसलेली सात मिनिटं

लहान मुलांच्या कार्यक्रमाकडून पालक म्हणून आपली एक ठरलेली मागणी असते. यातून मूल काय शिकेल? रंग, आकडे, दात घासणं, खेळणी वाटून घेणं, मोठ्यांना उलट न बोलणं. काहीतरी पदरात पडलंच पाहिजे. इसापनीतीवर वाढल्यामुळे गोष्टीच्या शेवटी जाड ठशातलं तात्पर्य छापलेलं नसेल, तर आपल्याला ती अर्धवट वाटते. 'ब्लुई' या ऑस्ट्रेलियन मालिकेचं मला वाटणारं मोठेपण इथूनच सुरू होतं. तिच्या भागांना तात्पर्य नसतं. त्यांच्यात एक खेळ असतो, आणि इतर कार्यक्रम जे बोलून सांगतात ते इथे खेळता खेळता घडून जातं.

मांडणी अगदी साधी आहे. ब्रिस्बेन शहरात टेकडीवर एक घर, खांबांवर उचललेलं, भोवती पडवी असलेलं. क्वीन्सलँडच्या जुन्या वस्त्यांत असतात तसलं. त्यात हीलर कुटुंब राहतं. हीलर ही गुरं हाकणाऱ्या कुत्र्यांची ऑस्ट्रेलियन जात, त्यामुळे घरातले सगळे कुत्रेच. बाबा बॅन्डिट निळा, आई चिली तांबूस. सहा वर्षांची ब्लुई बाबांच्या रंगावर गेलेली, चार वर्षांची बिंगो आईच्या. निळ्या रंगामुळे ब्लुई मुलगा आहे असं अनेकांना वाटतं, आणि मालिका खुलासा करायला थांबत नाही. बॅन्डिट पुरातत्त्वज्ञ आहे, म्हणजे हाडं उकरणं हा त्याचा पेशाच. चिली विमानतळावर सुरक्षा तपासणीत आहे, म्हणजे हुंगणं आलं. हा विनोदही कोणी समजावून सांगत नाही.

जो ब्रम या अ‍ॅनिमेटरने लंडनमध्ये 'चार्ली अँड लोला'सारख्या मुलांच्या मालिकांवर काम केलं होतं. मायदेशी परतल्यावर त्याने ब्रिस्बेनच्याच लुडो स्टुडिओबरोबर ही मालिका उभी केली. १ ऑक्टोबर २०१८ रोजी ती एबीसी किड्स वाहिनीवर सुरू झाली. एक भाग साधारण सात मिनिटांचा, आणि तीन पर्वांत असे दीडशेहून अधिक भाग. २०२४ मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सर्वांत जास्त पाहिली गेलेली मालिका हीच ठरली. नील्सनच्या मोजणीनुसार ५५ अब्ज मिनिटांहून जास्त. एवढी मिनिटं एकट्या पोरांनी संपवलेली नसणार. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेले आईबाप त्यात नक्की आहेत.

मोठी माणसं ही मालिका का पाहतात, याचं उत्तर पहिल्याच भागात आहे. 'मॅजिक झायलोफोन' त्याचं नाव. मुलींना एक जादूचा झायलोफोन सापडतो. त्यावर सूर वाजला की समोरचा माणूस जागच्या जागी थिजतो. जादू अर्थातच मानलेली. पण बाबा खरंच थिजतो. तोंड वाकडं असेल तर वाकडंच राहतं, पाय उचललेला असेल तर उचललेलाच. मुली त्याच्यावर काय वाटेल ते प्रयोग करतात आणि तो पुतळा होऊन ते सोसतो. कुठल्याही क्षणी 'पुरे आता' म्हणून तो खेळ मोडू शकतो. ताकद त्याच्याकडे आहे, वय त्याच्याकडे आहे, घरही त्याचंच आहे. तरीही नियम तो मोडत नाही. अख्ख्या मालिकेचा पाया इथे घातला जातो: खेळाच्या आत मोठ्यांचं मोठेपण चालत नाही, आणि मोठ्यांना ते मान्य असतं. दोन बहिणींनी आळीपाळीने खेळावं हा मुद्दा या भागात आहेच, पण तो भाषणातून येत नाही. आळीपाळीने न खेळल्यामुळे खेळच कसा बिघडतो, ते आपल्याला दिसतं.

'डान्स मोड' या भागात हाच धागा जास्त बारीक कातला आहे. बाबा बिंगोची शेवटची चिप खाऊन टाकतो. भरपाई म्हणून तिला एक हक्क मिळतो. तिने सांगितलं की बाबाने असेल तिथे, चारचौघांत, नाचायचं. आणि असं तीनदा. पण बिंगो धाकटी आणि समजूतदार. घरातले एकेक जण तिला विचारून तिची पाळी वापरून टाकतात. ती प्रत्येक वेळी हो म्हणते. शेवटी तिच्या वाट्याला काहीच उरत नाही आणि चेहरा पडतो. तोंडाने दिलेला होकार आणि मनातला नकार यांच्यातलं अंतर चार वर्षांच्या पोरीला शब्दांत सांगता येत नाही. ते ओळखायचं काम मोठ्यांचं. आपल्याकडे 'किती शहाणी आहे हो' म्हणून जिचं कौतुक होतं, ती पोरगी हीच. हट्ट न करणाऱ्या मुलाचं ऐकायचं राहून जातं, ही गोष्ट इतक्या हलक्या हाताने सांगितलेली मी क्वचितच पाहिली आहे. आणि चूक लक्षात आल्यावर घरचे काय करतात? बसवून समजावत नाहीत. भर रस्त्यात सगळं कुटुंब नाचतं.

खेळाला इतका मान दिला की त्याच्यावर मोठं ओझंही टाकता येतं. 'कॉपीकॅट' या भागात ब्लुई सकाळच्या फेरफटक्यात बाबाची नक्कल करत असते. वाटेत त्यांना एक जखमी बजी सापडतो, तो छोटा पोपटासारखा पक्षी. ते त्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेतात, पण तो वाचत नाही. लहान मुलांच्या कार्यक्रमात पक्षी मरतो, हे धाडस आहेच; पुढे जे होतं ते त्याहून धीट आहे. घरी आल्यावर ब्लुईला तीच घटना खेळायची असते. बिंगो पक्षी होते. खेळच आहे म्हटल्यावर पक्ष्याला वाचवायला कोणाची हरकत असणार? पण ब्लुई त्याला वाचू देत नाही. तिला घडलं तसंच पुन्हा हवं असतं. सकाळी जे तिच्या अंगावर आलं, ते आता तिच्या ताब्यात आहे. कोण कुठे उभं राहणार, कधी काय होणार, हे ती ठरवते. अशा वेळी आपण मुलांना पटकन सांगून मोकळे होतो की तो देवाघरी गेला, आणि विषय बदलतो. ही मालिका विषय बदलत नाही, मुलीला तो खेळून संपवू देते.

'द शो'मध्ये खेळाचा वापर याहून खोल जातो. दिवस मदर्स डेचा. बिंगो आईसाठी नाश्त्याचा ट्रे घेऊन येताना अडखळते, सगळं सांडतं, ती रडू लागते. काही बिनसलं की आपण काय करतो ते चिली तिला सांगते: थोडं रडून घेते, उठते, आणि पुढे चालू लागते. मग मुली आई-बाबांच्या आयुष्यावर नाटक बसवतात. बिंगो आई झाली आहे. गरोदर दिसण्यासाठी तिने फ्रॉकमध्ये फुगा खुपसला आहे. मध्येच तो फुगा फटकन फुटतो.

प्रेक्षकांत बसलेल्या आई-बाबांचा चेहरा क्षणभर बदलतो आणि बॅन्डिट चिलीचा हात हातात घेतो. बस्स, एवढंच. कोणी काही बोलत नाही, संगीतही उमाळा आणत नाही. शेजारी बसलेल्या मुलाला यात फक्त फुटलेला फुगा दिसतो, आणि ते अगदी बरोबर आहे. पण ज्या घराने एखादं मूल जन्माआधी गमावलं आहे, त्या घरातल्या मोठ्या माणसाला हाताची ती हालचाल पुरते. पटकथेचं खरं कौशल्य मात्र त्यानंतर दिसतं. फुगा फुटल्यामुळे बिंगो रडत आत पळते, आईने सकाळी सांगितलेलं आठवून सावरते, परत येते आणि नाटक पुरं करते. सकाळी सांडलेल्या नाश्त्याबद्दल वाटलेलं आईचं बोलणं कशातून आलं होतं, ते आता उलगडतं. मुलीसाठी ती नाटक पुढे नेण्याची युक्ती. आईसाठी ती कधीकाळी स्वतःवर करून पाहिलेली गोष्ट. एकाच वाक्याला असे दोन मालक मिळतात, आणि दोघांनाही ते वाक्य पूर्ण कळलेलं असतं.

मराठी घरांत सर्वांत सहज रुळेल असा भाग म्हणजे तिसऱ्या पर्वातला 'क्रिकेट'. मोठी माणसं आणि पोरं यांचा मैदानात सामना चालू आहे. रस्टी नावाचा, केल्पी जातीचा एक लहान तांबडा कुत्रा फलंदाजी करतो आहे आणि सगळ्यांचे बाबा मिळूनही त्याला बाद करू शकत नाहीत. ब्लुईला कंटाळा येतो. तिला दुसरंच काही खेळायचं आहे. मग रस्टीला हा खेळ एवढा का आवडतो ते बॅन्डिट तिला सांगू लागतो आणि प्रत्येक चेंडूमागचं रस्टीचं आयुष्य आपल्यापुढे येतं. मोठ्या भावाच्या मित्रांबरोबर खेळताना अंगावर येणारा वेगवान चेंडू, त्याचा एकदा बसलेला मार, त्यानंतर पाय मागे घेण्याची लागलेली सवय. बाबा सैन्यात, घरापासून लांब. रस्टी त्यांना भीतीबद्दल लिहितो. त्यांचं उत्तर येतं. आयुष्यात चेंडूपेक्षा अवघड गोष्टी समोर येतील, तेव्हा मागे सरायचं की पुढे येऊन फटका मारायचा हे तुझं तू ठरव, असा त्याचा आशय. नजर चेंडूवर ठेव आणि धाकट्या बहिणीला सांभाळ, हेही त्यात असतं.

आता म्हणाल, हे तर सरळ तात्पर्यच झालं की! पत्रात उपदेश आहे, हे खरं. पण भाग पत्रापाशी संपत नाही. शेवटचा चेंडू येतो. रस्टी तो मैदानाबाहेर भिरकावू शकतो, तेवढी त्याची तयारी आपण पाहिली आहे. समोर क्षेत्ररक्षणाला त्याची चिमुकली बहीण डस्टी उभी आहे. रस्टी चेंडू अलगद वर उडवतो, थेट तिच्या हातात जाईल असा. झेल होतो, रस्टी बाद होतो, डस्टीचा आनंद गगनात मावत नाही.

गल्लीत खेळलेल्या कोणालाही या झेलाची किंमत कळेल. आपल्याकडे अशा लहानग्यांना आपण लिंबूटिंबू करतो. ते खेळात असतात आणि नसतातही. त्यांच्यावर राज्य येत नाही, ते आऊट होत नाहीत आणि त्यांनी केलेलं आऊटही धरत नाहीत. मन राखायचं आणि खेळही बिघडू द्यायचा नाही, अशी ती सोय. पण लिंबूटिंबूला आपण लिंबूटिंबू आहोत हे माहीत असतं, आणि ते खुपतं. रस्टी बहिणीला ही सवलत देत नाही. अख्ख्या मैदानाला न मिळालेली स्वतःची विकेट तो तिला देतो, आणि ती खरी धरली जाते. क्रिकेट म्हणजे काय, हे बॅन्डिटला पुढे फारसं सांगावं लागत नाही. पत्रातला उपदेश त्या एका फटक्यात कृती होतो, आणि कृती झाल्यामुळेच तो उपदेश उरत नाही. मोठा झालेला रस्टी देशासाठी खेळायला निघाल्याची झलक नंतर येते. गोड आहे, पण मला ती नसती तरी चाललं असतं. तो झेल पुरेसा होता.

आणि मग 'स्लीपीटाइम'. दुसऱ्या पर्वातला हा भाग मालिकेचा कळस मानला जातो, आणि माझंही मत वेगळं नाही. विषय दर घरातला: बिंगोला आज रात्रभर स्वतःच्या अंथरुणात झोपायचं आहे, मोठ्या मुलींसारखं. झोपण्यापूर्वी ग्रहांचं पुस्तक वाचून झालेलं आहे, त्यामुळे स्वप्नात सूर्यमाला येते. त्यानंतरचा बहुतेक भाग शब्दांवाचून चालतो.

रचना दोन मजल्यांची आहे. खाली खरी रात्र: कोणाला तहान लागते, कोणी झोपेत चालत दुसऱ्याच्या अंथरुणात घुसतं, बाबाच्या तोंडावर लाथा बसतात, तो उशी उचलून या खोलीतून त्या खोलीत हिंडतो. लहान मुलं असलेल्या घरातली ही रोजची फजिती. वर, त्याच वेळी, बिंगोचं अंतराळ: अंधार, तरंगणं, गोठवणारी थंडी, आणि लांबून जाणवणारी सूर्याची ऊब. खालच्या मजल्यावर घडलेल्या गोष्टीचा पडसाद वर उमटतो. आईची कूस म्हणजे सूर्य, हे कोणी सांगत नाही. ऊब कुठून आली ते दाखवलं जातं, आणि चार वर्षांच्या मुलालाही जोडणी लागते. हसू आणि भव्यता एकाच वेळी चालवणं अवघड असतं. सहसा एकाने दुसऱ्याचा विचका होतो. इथे बाबाची पळापळ जितकी हास्यास्पद, तितका वरचा प्रवास गंभीर होत जातो.

त्याला संगीत आहे गुस्ताव होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स' या वाद्यवृंद-रचनेतल्या 'ज्युपिटर'चं. मालिकेचा संगीतकार जॉफ बुश याने ती प्रसिद्ध धून लगेच हाती दिलेली नाही. ख्यालात बंदिशीच्या मुखड्याकडे गवई जसा वळसे घेत येतो, तशी ती जवळ येते, डोकावते, आणि पूर्ण रूपात उभी राहते ती बिंगो सूर्यासमोर पोहोचते तेव्हा. तिथे थांबणं सोपं होतं. मूल आईच्या कुशीत, वाद्यवृंद शिगेला, प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी. पण बिंगो थांबत नाही. मला आता जायला हवं, मी मोठी झाले आहे, असं ती सूर्याला सांगते. सूर्य तिला अडवत नाही. दिसलो नाही तरी असेन, एवढा दिलासा देतो. आणि सकाळी ती आपल्या अंथरुणात असते.

या भागात वरकरणी खेळ नाही, पण नियम तोच आहे. मोठं व्हायचा डाव मुलीने मांडला आहे. तो न मोडणं हे आईचं काम. मुलाला कुशीत ओढून घेणारी आई आपल्या साहित्यात आणि सिनेमात पुष्कळ आहे. कूस उबदार ठेवून मुलाला तिच्यातून जाऊ देणारी आई त्या मानाने कमी भेटते. म्हणूनच बाजूला बसलेल्या मोठ्या माणसाचा घसा दाटतो. मुलगी पाहते एका बहादूर पिल्लाचा प्रवास. आपण पाहतो निरोपाची रंगीत तालीम.

एवढं कौतुक केल्यावर खोट काढायची तर ती आहेच. बॅन्डिटने बाप नावाच्या माणसापुढे भलताच उंच खांब रोवला आहे. तो ऐन दुपारी घोडा होतो, हॉटेलचा पाहुणा होतो, रुग्ण होतो. कामावर कधी असतो, असा प्रश्न पडावा. घर ऐसपैस, अंगण मोठं, शेजार चांगला, हप्त्यांची काळजी क्वचितच. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, लोकलमधून उभ्याने घरी आलेल्या माणसाला हे पाहून आनंदाबरोबर थोडी चिडही येते. आजी-आजोबा आहेत, पण पाहुण्यासारखे. आपल्याकडे निम्मं खेळणं त्यांच्याच मांडीवर होतं. मालिकेला थकवा माहीत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. 'शीपडॉग' या भागात चिली सरळ सांगते की मला वीस मिनिटं एकटीला हवी आहेत, आणि त्यात कुठे अपराधीपणा आणलेला नाही. 'बेबी रेस'मध्ये दुसऱ्यांची बाळं आधी रांगली, आधी चालली या चढाओढीत झुरणारी चिली दिसते, आणि अनेक मुलांची आई असलेली एक मैत्रीण येऊन तिला सांगते की तुझं छान चाललं आहे. बाळाच्या वजनाचे तक्ते घोकलेल्या प्रत्येक आईने तो भाग पाहावा.

मालिकेकडे लोक किती बारकाईने पाहतात, हे २०२३ मध्ये दिसलं. 'एक्सरसाइज' या भागाच्या सुरुवातीला बॅन्डिट वजनकाट्यावर उभा राहून स्वतःच्या पोटाबद्दल कुरकुर करतो. मुलांसमोर शरीराबद्दल असं बोलावं का, यावर ऑस्ट्रेलियात टीका झाली आणि ते दृश्य बदललं गेलं. मला आधी ही टीका ताणलेली वाटली. पण जी मालिका शब्द न वापरता इतकं शिकवते, तिच्यातल्या सहज कुरकुरीलाही मुलं तितक्याच सहज उचलणार, हेही खरंच. नक्कल करणाऱ्या मुलीवर एक भाग रचणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्यामुळे मुलांच्या कार्यक्रमाबद्दलचं माझं मत आता थोडं वेगळ्या जागी येऊन टेकलं आहे. मूल काय शिकलं, हे मी विचारत नाही. पडदा बंद झाल्यावर ते काय मागतं, हे पाहतो. 'छोटा भीम' पाहून झालं की आमच्याकडे पुढच्या भागाची मागणी येते. 'ब्लुई'ची खेळणी आणि दप्तरंही बाजारात आहेतच, त्यामुळे त्यांची मागणीही येते. पण त्याच्या आधी येते ती बाबाची मागणी: आडवा हो, थिजून राहा, मी सांगेपर्यंत हलू नकोस. मुलांना टीव्हीसमोर बसवून कुकर लावून यावं, अशा हिशेबाने ही मालिका लावणाऱ्या आईबापांना म्हणून आधीच सांगून ठेवतो. या कामी ती फारशी उपयोगाची नाही. सात मिनिटांनी पोरं तुम्हाला ओढायला येतात.